पावती दाखवली आणि अर्ज फेटाळला गेला : लिबर्टेरियन पक्षाला एका मतदाराचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राष्ट्रीय समिती, लिबर्टेरियन पक्ष, अमेरिका

विषय : गांजाची लढाई अर्ध्यावर सोडून ग्रीनकार्डधारकांना वाऱ्यावर टाकल्याबद्दल

स.न.वि.वि.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. २०१५ साली मी या देशाची नागरिक झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षपदासाठीचे माझे पहिले मत गॅरी जॉन्सन यांना दिले. २०२० मध्ये जो जॉर्गनसन, २०२४ मध्ये चेस ऑलिव्हर. तीन निवडणुका झाल्या, तिन्ही मते तुम्हाला. आमच्या ओळखीत कोणी डेमोक्रॅट, कोणी रिपब्लिकन. तुमच्या पक्षाचे नाव काढले की "मत वाया कशाला घालवता?" हे ठरलेले. तरी दिले आणि त्याचा पश्चात्ताप नाही. म्हणूनच तुमच्याकडे तक्रार करण्याचा मला हक्क आहे असे मी मानते.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीला वेगळी पाठवली आहे. जाहीर मात्र मराठीतच करते आहे, कारण यात जे आहे ते इथल्या कितीतरी मराठी घरांना लागू पडते आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसेल. आम्हालाही नव्हता.

माझ्या यजमानांना २०२२ च्या उन्हाळ्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरपासून केमो सुरू झाली. ज्यांच्या घरात केमो झाली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. फोडणीचा वास आला तरी ह्यांना उमळून यायचे. मी मागच्या डेकवर शेगडी मांडून स्वयंपाक करायचे, थंडी पडल्यावरसुद्धा. मऊ भात, मेतकूट, वर तूप. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. चार महिन्यांत चौदा किलो वजन उतरले. उलटीची औषधे चालू होती, पण ती पुरी पडत नव्हती. शेवटी तिथेच केमोला येणाऱ्या एका बाईंनी गांजाच्या गोळ्यांचे नाव काढले.

न्यू जर्सीत त्याच वर्षी २१ एप्रिलला प्रौढांसाठी गांजाची उघड विक्री सुरू झाली होती. २०२० च्या नोव्हेंबरात मतदारांनी दोन-तृतीयांश मतांनी तसा कौल दिला होता. त्यात माझेही मत होते. आम्ही गेलो ते दुकान हमरस्त्यावर, एका दंतवैद्याच्या शेजारी. दारात ओळखपत्र तपासणारा माणूस, आत भिंतीवर चौकटीत लावलेला राज्याचा परवाना. ह्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवले. पाच मिलिग्रॅमच्या चघळायच्या मऊ गोळ्यांचा डबा घेतला. लहान मुलांना उघडता येऊ नये असे झाकण, त्यावर इशारा छापलेला, पावतीवर कर वेगळा दाखवलेला. घरी येऊन मी सुरीने एक गोळी अर्धी कापली. त्या रात्री ह्यांनी वाटीभर भात खाल्ला आणि सलग सहा तास झोपले. मी मधूनमधून उठून श्वास चालू आहे ना ते बघत होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केमो संपली. त्याच महिन्यात गोळ्याही संपल्या. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

ह्यांनी इतकी वर्षे ग्रीनकार्डवरच काढली होती. आपण आहोत तोवर भारतीय पासपोर्ट सोडू नकोस, असे सासऱ्यांनी सांगितले होते आणि ह्यांनी शब्द दिला होता. सासरे २०२३ च्या अखेरीस गेले. मग २०२४ च्या सुरुवातीला नागरिकत्वाचा अर्ज केला. सप्टेंबरात मुलाखत झाली. इंग्रजी झाले, इतिहासाचे आणि राज्यघटनेचे प्रश्न झाले, सगळी उत्तरे बरोबर. मग विचारले गेले, अमली पदार्थ कधी वापरले आहेत का?

ह्यांचे आयुष्य हिशेब लिहिण्यात गेले. खोटी नोंद ह्यांना जमत नाही. म्हणाले, "हो. गांजाच्या गोळ्या घेतल्या. केमो चालू होती. राज्याचा परवाना असलेल्या दुकानातून, कायद्याने घेतल्या." कागदपत्रे कमी पडू नयेत म्हणून आजारपणाच्या सगळ्या फायली बरोबर नेल्या होत्या. त्यातला प्लास्टिकचा फोल्डर काढून ह्यांनी टेबलावर ठेवला. आत तारखेप्रमाणे लावलेल्या अकरा पावत्या होत्या.

समोरच्या माणसाने सौजन्याने प्रती काढून घेतल्या. पाच आठवड्यांनी पत्र आले. नागरिकत्वासाठी लागणारे सदाचरण सिद्ध होत नाही, म्हणून अर्ज नामंजूर.

त्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जो कायदा होता तो त्याने लावला. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा अमली पदार्थांच्या पाच याद्यांपैकी सगळ्यात कडक अशा पहिल्या यादीत घातला, हेरॉईनच्या शेजारी. स्थलांतराचा कायदा केंद्राचा आहे आणि तो केंद्राच्या याद्या पाहतो. आमच्या राज्याच्या मतदारांनी काय कौल दिला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एप्रिल २०१९ मध्ये तर लेखी मार्गदर्शक सूचनाच निघाली, की राज्यात मान्य असलेला गांजाचा व्यवहारसुद्धा नागरिकत्व मागणाऱ्याच्या सदाचरणाच्या आड येऊ शकतो. अटक नको, खटला नको, शिक्षा नको. तोंडाने कबूल केले की पुरे. ३० ग्रॅमपर्यंतचा एकच प्रसंग असेल तर सूट आहे. अकरा पावत्या म्हणजे एक प्रसंग नव्हे.

वकीलबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. शेवटच्या गोळीपासून पाच वर्षे जाऊ द्या, मग पुन्हा अर्ज करा. आणि तोवर देशाबाहेर पाऊल टाकू नका. इथे राहणाऱ्या ग्रीनकार्डधारकाला अशा कारणावरून बाहेर काढायचे तर सहसा न्यायालयातली शिक्षा दाखवावी लागते, पण बाहेर जाऊन परत येणाऱ्याला विमानतळावर अडवायला नुसती कबुली पुरते. आणि ती कबुली आता फाइलीत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिंडोरी तालुक्यात आमच्या गावी सासूबाई गेल्या. हे थोरले. अग्नी धाकट्या दिरांनी दिला. दहाव्याला त्यांनी घाटावरून फोन लावला तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ आणि इकडे रात्रीचे अकरा वाजले होते. हे दिवाणखान्यात जमिनीवर चटई टाकून बसले होते, फोन उशीला टेकवून. कावळा शिवायला पाऊण तास लागला. दीर दोनदा म्हणाले, "दादा, काही बोल, तुझ्यासाठी थांबलाय तो." ह्यांना बोलता आले नाही.

हे गाऱ्हाणे काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, न्यायचे सोडून तुमच्याकडे का आणले, हे आता सांगते.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. वडील कांदा करायचे आणि सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावायचे. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला, त्यात तेही आत गेले होते. मी तेव्हा बारा वर्षांची. शरद जोशी हे नाव तुम्ही ऐकले नसेल. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून हा माणूस पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला आणि त्याने शेतकऱ्यांना सांगितले की सरकारकडे काही मागू नका, सरकारने आपल्या खिशातला हात काढावा एवढेच मागा. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी शाळेच्या वह्यांच्या मागे लिहीत असे. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मोठ्या पक्षांपुढे त्याला कधी फारशी मते पडली नाहीत. वडील मात्र उमेदवार असला की त्यालाच मत द्यायचे. "मत वाया कशाला घालवता?" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते निफाडच्या बाजारात, एडिसनमध्ये नव्हे.

म्हणून इथे आल्यावर तुमचा जाहीरनामा वाचला तेव्हा भाषा परकी असली तरी म्हणणे ओळखीचे वाटले. १९७१ मध्ये कोलोराडोत मूठभर लोकांनी हा पक्ष काढला. दुसऱ्याला इजा न करता माणूस स्वतःच्या देहाचे काय करतो हा सरकारचा विषय नाही, हे तुम्ही तेव्हापासून म्हणत आलात. गांजावरची बंदी उठवा म्हणणे हे त्या काळी निवडणूक हरण्याचे हमखास साधन होते. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्याच आयोगाने, बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका अशी शिफारस केली आणि निक्सन यांनी ती बाजूला सारली. मोठे दोन्ही पक्ष पुढची कित्येक वर्षे गांजा कायदेशीर करा असे म्हणायला धजत नव्हते. तुम्ही म्हणालात. गॅरी जॉन्सन १९९९ मध्ये न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर होते, रिपब्लिकन होते, तेव्हा त्यांनी उघडपणे कायदेशीर करण्याची भाषा केली. पुढे ते तुमच्याकडे आले, २०१२ मध्ये साधारण पावणेतेरा लाख आणि २०१६ मध्ये जवळपास ४५ लाख मते त्यांनी मिळवली. २०१२ मध्येच कोलोराडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी बंदी उठवली. आज अशी २४ राज्ये आहेत. याचे श्रेय दोन्ही मोठे पक्ष घेतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा तुमचा आहे.

जॉन्सन यांचा उल्लेख आणखी एका कारणाने करते. २००५ मध्ये हवाईत पॅराग्लायडिंग करताना ते पडले, हाडे मोडली, आणि वेदनेसाठी आपण गांजा घेतला हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. बराक ओबामा यांनी तरुणपणी ओढल्याचे सांगितले, कमला हॅरिस यांनीही सांगितले. हे सगळे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, एक जण तर अध्यक्ष झाला, आणि ते योग्यच झाले. माझ्या यजमानांनी तेच वाक्य उच्चारले तर ते साधे मतदारही होऊ शकले नाहीत. फरक फक्त जन्म कुठे झाला एवढाच. आणि नेमका हाच फरक तुमच्या तत्त्वज्ञानात कुठेही बसत नाही. पैशाप्रमाणे माणसांनाही सीमा ओलांडण्याची मोकळीक हवी, असे तुमचाच जाहीरनामा वर्षानुवर्षे सांगत आला आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात जड तक्रार मे २०२४ च्या अधिवेशनाची. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तुमच्याच व्यासपीठावर तुम्ही डोनाल्ड ट्रम्प यांना भाषणाला बोलावलेत. प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली हे मी पाहिले आणि त्या प्रतिनिधींचा मला अभिमान वाटला. पण बोलावणे नेतृत्वाचे होते. जानेवारी २०१८ मध्ये राज्यांच्या गांजा-कायद्यांकडे काणाडोळा करण्याचे आधीचे धोरण रद्द झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि एप्रिल २०१९ ची ती सूचना निघाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. बायडन यांच्या काळातही ती मागे घेतली गेली नाही, त्यामुळे त्यांनाही मी सोडत नाही. पण त्यांना तुम्ही मंच दिला नव्हता. ट्रम्प यांना त्या दिवशी समोरासमोर हा एक प्रश्न विचारता आला असता.

तुम्ही त्यांच्याकडून रॉस उल्ब्रिक्ट यांच्या सुटकेचे वचन घेतलेत आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पाळलेही गेले. इंटरनेटवर अमली पदार्थांचा बाजार चालवल्याबद्दल दोन जन्मठेपा आणि वर ४० वर्षे ही शिक्षा मलाही अमानुष वाटत होती. ते घरी गेले, त्यांच्या आईला भेटले, याचा मला आनंद आहे. पण त्याच जानेवारीत, राज्याच्या परवानाधारक दुकानातून पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतलेला माणूस आईच्या अंत्यविधीला जाऊ शकला नाही. एका माणसासाठी तुम्ही रदबदली केलीत. आमच्यासारख्यांसाठी ती झालेली मला दिसली नाही.

दुसरी तक्रार : अर्धा विजय पदरात पडला म्हणून तुम्ही रान मोकळे सोडले आहे. आज सगळी चर्चा गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत न्यावा की नाही याची. आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये शिफारस केली, न्याय खात्याने मे २०२४ मध्ये प्रस्ताव मांडला, डिसेंबर २०२५ मध्ये अध्यक्षांनी हे काम लवकर उरका असा आदेश काढला. दुकानदारांचा आयकर त्याने हलका होईल, संशोधकांची सोय होईल. पण स्थलांतराचा कायदा पहिली यादी आणि तिसरी यादी असा भेद करत नाही. पाचही याद्यांतला कोणताही पदार्थ त्याला सारखाच. म्हणजे तिसऱ्या यादीत नेल्याने माझ्या घरातली परिस्थिती तसूभरही बदलत नाही. गांजा याद्यांतून पूर्ण बाहेर काढणे हाच उपाय आहे, आणि ही मागणी तुमची मूळची मागणी होती. ज्या दिवशी मोठे पक्ष 'तिसरी यादी' म्हणू लागले त्या दिवशी तुमचा आवाज सगळ्यांत मोठा हवा होता की एवढ्याने भागणार नाही. तो आवाज मला ऐकू आला नाही.

तुमच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रतिनिधीगृहात गांजा याद्यांतून काढणारे विधेयक २२८ विरुद्ध १६४ मतांनी मंजूर झाले. स्थलांतराच्या कामी गांजा यापुढे अमली पदार्थ धरू नये अशी तरतूद त्या विधेयकात होती. बाजूने मत देणाऱ्यांत जस्टिन अमाश होते, काँग्रेसमधले तुमच्या पक्षाचे पहिले सदस्य. सिनेटमध्ये ते विधेयक पुढे सरकले नाही. एप्रिल २०२२ मध्ये ते प्रतिनिधीगृहात पुन्हा मंजूर झाले आणि पुन्हा सिनेटमध्ये अडकले. २०२० मध्ये तुमचा एकच माणूस तिथे होता आणि त्याने योग्य मत दिले. अमाश यांचे ते एक मत तुमच्या पक्षाने प्रत्येक स्थलांतरित वस्तीत जाऊन सांगायला हवे होते.

तिसरी तक्रार थोडक्यात. २०२४ मध्ये प्रतिनिधींनी रीतसर निवडलेल्या ऑलिव्हर यांना डावलून अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना मतपत्रिकेवर आणण्याचा घाट कोलोराडोतल्या तुमच्या शाखेने घातला. जिथे पक्ष जन्मला आणि जिथे गांजा पहिल्यांदा मोकळा झाला, त्या राज्यात. ऑलिव्हर अमली पदार्थांविरुद्धचे 'युद्ध' थांबवा असे म्हणत होते आणि स्थलांतरितांना दार उघडा असेही म्हणत होते. त्यांना साडेसहा लाखांच्या आसपास मते पडली. २०१६ चे ४५ लाख कुठे आणि हे कुठे! घरातल्यांनीच पाठ फिरवल्यावर बाहेरचे कशाला येतील? माझ्या वडिलांच्या संघटनेचेही असेच तुकडे होताना मी पाहिले आहेत. सत्तेजवळ कोणी किती सरकायचे यावरून मित्र मित्रांशी बोलेनासे झाले आणि कांद्याचा भाव जिथे होता तिथेच राहिला.

चौथी गोष्ट न्यू जर्सीची. इथे गांजा विकत घेता येतो, पण घराच्या अंगणात एक रोपसुद्धा लावता येत नाही. लावले तर फौजदारी गुन्हा. कंपनीने परवाना काढून हजारो झाडे लावावीत, आणि संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या म्हाताऱ्याने एक कुंडी ठेवली तर तुरुंग. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये घरी लावायला परवानगी आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी सरकारची मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे सगळ्यांसमक्ष पेरले होते. गुन्हे दाखल होणार हे माहीत असून पेरले. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. फोनवर मला म्हणाले, "बी आपलं, रान आपलं, मग परवानगी कुणाला मागायची?" त्यांना कापसाशी काही देणेघेणे नव्हते. हेच वाक्य ट्रेंटनला, न्यू जर्सीच्या विधानभवनासमोर उभे राहून म्हणणारा पक्ष मला हवा आहे.

एक गैरसमज नको. मी गांजाची भलामण करत नाही. आमच्या गावात देवळामागे चिलीम ओढत बसणारे आणि घरची भांडी विकणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मामांपैकी एक त्यातच गेले. एकवीस वर्षांखालच्यांना विकू नये या नियमाला माझा पाठिंबा आहे. गाडी चालवताना घेतलेल्याला शिक्षा व्हावी. पण मामांना जे हवे होते ते तुरुंगात मिळाले नसते. आणि बंदीचा दांडका सगळ्यांवर सारखा पडत नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.६४ पट होती, वापर दोघांचा सारखाच असून. भारतात १९८५ चा कायदा झाला, त्याआधी सरकारी परवान्याच्या दुकानात गांजा मिळत असे. म्हणजे जे माझ्या आजोबांच्या काळी दुकानात मिळत होते ते वडिलांच्या काळी गुन्हा झाले, आणि माझ्या काळी, दुसऱ्या देशात, पुन्हा दुकानात आले. यात वनस्पती बदललेली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

काँग्रेससाठी उभ्या राहणाऱ्या तुमच्या प्रत्येक उमेदवाराकडून लेखी घ्या की तो गांजा याद्यांतून पूर्णपणे काढण्याच्या बाजूने आहे, आणि जुन्या वापराची कबुली कोणाच्याही ग्रीनकार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या आड येऊ नये अशी तरतूद त्यात असेल तरच तो समाधानी होईल. नुसत्या तिसऱ्या यादीवर समाधान मानणाऱ्याला उमेदवारी देऊ नका.

तोवर एप्रिल २०१९ ची सूचना मागे घ्यायला लावा. ती सूचना आहे, कायदा नव्हे. ज्या खात्याने काढली ते खाते ती बदलू शकते, त्याला सिनेटची साठ मते लागत नाहीत. मूळ कायदा तसाच राहील हे मला कळते, पण आजारपणात परवानाधारक दुकानातून घेतलेल्या औषधाकडे कसे पाहायचे एवढे तरी त्यातून ठरेल. व्हाइट हाऊसपर्यंत तुमचा शब्द पोचतो हे २०२५ च्या जानेवारीत दिसले. तो शब्द यासाठी खर्ची घाला.

न्यू जर्सीतल्या शाखेने घरी रोप लावण्याचा प्रश्न पुढच्या विधानसभा निवडणुकीचा पहिला मुद्दा करावा.

आणि एक साधे पत्रक काढा, एका पानाचे, मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी, स्पॅनिश, चिनी अशा भाषांत. दुकानाच्या दारात वाटता येईल असे. त्यात एवढेच असावे : तुम्ही नागरिक नसाल तर हे दुकान तुमच्यासाठी सुरक्षित नाही, आत जाण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाशी बोला. आम्हाला त्या दिवशी असा कागद कोणी हातात दिला असता तर पुढचे सगळे टळले असते. मराठी भाषांतर मी करून देईन, छपाईचा खर्चही उचलेन.

इथल्या मराठी वाचकांना दोन शब्द. हे प्रकरण झाल्यावर आमच्या जवळच्या माणसांनीसुद्धा "कुठे बोलू नका" असाच सल्ला दिला. गांजा हा शब्दच असा आहे की कॅन्सर ऐकून हळहळणारा माणूस तो ऐकून गप्प होतो. म्हणूनच बोलते आहे. ज्यांची मुले एच-वन-बी वर आहेत, विद्यार्थी आहेत, ग्रीनकार्डच्या रांगेत आहेत, त्यांनी मुलांना विचारावे. कोलोराडोच्या सहलीचे फोटो, फोनमधले मेसेज, पाकिटातली पावती, यातले काहीही तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. खोटे बोला असे मी सांगणार नाही, कारण ते वेगळे आणि अधिक मोठे संकट आहे. आधी माहिती घ्या एवढेच सांगते.

समितीतल्या सर्वांना पुन्हा एकदा. ह्यांनी शेवटची गोळी फेब्रुवारी २०२३ मध्ये घेतली. पाच वर्षे फेब्रुवारी २०२८ मध्ये पुरी होतात. त्याच महिन्यात अर्ज टाकायचा, कागद आतापासून तयार आहेत. त्या वर्षी नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक आहे. सगळे वेळेत झाले तर ह्यांचे पहिले मत त्या दिवशी पडेल. माझ्या तीन मतांसाठी ह्यांनी मला तिन्ही वेळा शाळेतल्या मतदान केंद्रापर्यंत सोडले आणि बाहेर गाडीत थांबले. चौथ्या वेळी ह्यांना आत यायचे आहे. तुमच्या उमेदवाराने तोवर या प्रश्नावर काय केले, हे ते मला विचारतील. मला काय सांगता येईल ते तुम्ही कळवावे, आणि जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपली,
एडिसन, न्यू जर्सी येथील एक मतदार
(माहेर निफाड, सासर दिंडोरी)